शुक्राच्या चांदणीजवळची कोर

पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं सासर अवसरीचं. त्या हिवाळ्यात धाकट्या दिराचं लग्न झालं आणि जुन्नरची, सातवी शिकलेली जाऊ घरात आली. मला सही करण्यापुरतंच येत होतं.

एका तिजेला दिवेलागणीच्या सुमाराला चंद्रकोर शुक्राच्या चांदणीला अगदी खेटून दिसली. सासूबाईंनी हात जोडले. "असा योग जन्मात एकदाच," त्या म्हणाल्या.

"न्हाई आत्याबाई," धाकटी म्हणाली, "चंद्र दर महिन्याला तिच्याजवळनं जातो. कधी खेटून, कधी लांबनं. आमच्या शेजारी कागद बनवणारं मुसलमानाचं घर हाय. त्यांच्या पोरींसंगं मी गच्चीवरनं दर महिन्याला चंद्र बघायची."

सासरे खूश झाले. "लई हुशार हाय की पोरगी!" माझ्या पाच वर्षांच्या संसारात असं ते मला एकदाही म्हणाले नव्हते. तव्यावरची भाकरी उलटताना माझा हात भाजला, तेही कुणाला कळलं नाही.

पुढच्या तिजेला मीच सगळ्यांना अंगणात बोलावलं. कोर चांदणीच्या बरीच खाली होती. "कुठं हाय गं जवळ?" मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"चांदणी वर सरकलीय, आक्का. उद्या बघा."

दुसऱ्या दिवशी कोर बरोबर चांदणीशेजारी. सासऱ्यांनी ओट्यावर बसलेल्या पाहुण्यांनाही उठवून दाखवली.

तिसऱ्या महिन्यात ती माहेरी गेली होती. चौथीला मी एकटीच गोठ्यामागं जाऊन उभी राहिले. दोघांत जेमतेम दीड बोट अंतर होतं. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं. मी कुणालाही हाक मारली नाही.

जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "आज दिसायचा व्हता न्हवं?"

"ढग व्हतं, मामंजी."

हात धुवायला ते अंगणात गेले. आभाळ चांदण्यांनी भरलेलं होतं. ते एकदा वर बघून हात पुसत आत निघून गेले. त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं.

धाकटी परतली ती पायसुद्धा न धुता माझ्याकडं आली. "आक्का, बघितला का? मला तापानं उठू दिलं न्हाई. किती अंतर व्हतं?"

मी सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. "दीडच बोट? लई नशीबवान तुमी!" म्हणाली आणि मनापासून हसली. तिला असं हसता येतं, याचाही मला हेवा वाटला.