मोहाखाली मान वर

माझ्या सासूबाईंना, बायनाबाईंना, एकच व्यसन आहे. तंबाखू नाही, चहासुद्धा बेताचा. पण आभाळातून विमान चाललं की हातातलं काम टाकून, मान वर करून, ते दिसेनासं होईपर्यंत उभं राहायचं. शहरातल्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. आम्ही राहतो पोंभुर्ण्याच्या जंगलाला लागून. इथे माणसानं नजर खाली ठेवायची, नाहीतर मागे. वर काय पाहायचं? वाघ काही वरून येत नाही.

ही खोड लहानपणची. बकऱ्या चारायला गेलेल्या पोरीनं आभाळात पांढरी रेघ पाहिली आणि तिच्या टोकाला चमकणारा तांदळाएवढा ठिपका. तो दिसेनासा होईपर्यंत बकऱ्या कुणाच्या तरी तुरीत शिरल्या आणि घरी मार बसला. मार विसरल्या, ठिपका नाही. लग्नानंतर सासरच्या बैलबंडीत बसताना घरघर ऐकू आली, तर नवरीनं डोक्यावरचा पदर मागे सारून वर पाहिलं म्हणे! "पोरगी आभाळात पायते, चूल कवा पायल?" असं माझ्या आजेसासूनं सगळ्यांदेखत सुनावलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चंद्रपूरला नेलं, तेव्हा डॉक्टरांना एकच प्रश्न केला, "विमान दिसंल ना, साहेब?" आमच्या ह्यांनी एकदा हौसेनं नागपूरला नेऊन विमानतळाच्या कुंपणापाशी उभं केलं. एवढं थोरलं विमान समोर पाहून म्हणाल्या, "हे त यष्टीवानी हाये. उडू दे." उडालं तेव्हा मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत पाहत राहिल्या.

कसं पाहायचं हेही शिकवतात. "आवाज येते तिथी नोको पाहू. त्याच्या पुढं पाय. आवाज मांगं रायते." विमानाचा निदान मागून तरी येतो, वाघाचा येतच नाही, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल!

मी चामोर्शीकडची, मोकळ्या धानाच्या बांध्यांत वाढलेली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी जंगलात पाऊल टाकताना दहादा मागे पाहते. दिवाळीच्या सुमारास शेजारच्या गावच्या सुकलूभाऊला वाघानं बांधावरून उचललं, तेव्हापासून तर पावलागणिक. पण मोह गळायला लागला की घरात बसून भागत नाही. फुलं पहाटे पडतात आणि उजाडता उजाडता वेचली नाहीत तर जनावरं खाऊन जातात. आमच्याकडे प्रत्येक घराची झाडं ठरलेली, पणज्याच्याही आधीपासून. हंगामात दुसऱ्याच्या झाडाखाली पाय ठेवायचा नाही, मग ती सख्खी जाऊ का असेना. त्यामुळे जंगलात बरोबर गेलो तरी वेचायला जी ती एकटी.

म्हणून यंदा मंगलीबाईनं नेम घातला. मंगलीबाई सासूबाईंच्याच वयाची, तोंडानं तिखट. वेचता वेचता तिनं "हूऽ" म्हणून हाक घालायची, मग शेजारच्या रुखमा वहिनीनं, मग मी, शेवटी सासूबाईंनी. कुणाचा हू आला नाही तर सगळ्यांनी धावायचं.

आमची दोन झाडं. एक माझ्याकडे, दुसरं बोडीच्या काठाला. बोडी म्हणजे लहानसं तळं, चैत्रात कोरडं पडलेलं. "तुमी इथी वेचा, मले तिथी जाऊ द्या," म्हटलं तर सासूबाई ऐकत नाहीत. तिथून आभाळ मोठं दिसतं. खाली अजून अंधार असतो आणि वरून जाणाऱ्या विमानाला ऊन लागलेलं असतं, ते त्यांना फार आवडतं.

त्या दिवशी मंगलीबाईचा हू आला, रुखमाचा आला, मी दिला. पुढे काहीच नाही. मी पुन्हा ओरडले. एक रानकोंबडा आरवला आणि गप्प झाला. तशीच कुऱ्हाड उचलली आणि पाण्याचा डबा बडवत सुटले. मागून मंगलीबाई आणि रुखमा आरोळ्या देत. झाडाखाली टोपली पालथी, मोह सांडलेला. सासूबाई नाहीत. तेवढ्या वेळात मी त्यांना मनात मातीही दिली आणि ह्यांना काय तोंड दाखवायचं याचाही विचार केला.

"अवं, इकडं!" रुखमा किंचाळली.

सासूबाई कोरड्या बोडीच्या मधोमध उभ्या होत्या. मान वर, तोंड उघडं, पाठ सरळ झाडीकडे. आमची एवढी बोंब, पण त्यांच्या कानात विमान भरलेलं.

"दोन हायेत वं, ललिता," मला पाहून त्या म्हणाल्या. "एकामांगं एक. पाय, पाय!"

मी पाहिलं नाही. मटकन खाली बसले आणि भोकाड पसरलं. मंगलीबाईनं मात्र सासूबाईंना फैलावर घेतलं. "तुह्या विमानापायी आमाले मारतं का वं, बायना? आमी धावत आलो, आमालेच धरलं असतं त?"

सासूबाई झाडाखाली परतल्या. सांडलेला मोह टोपलीत भरत म्हणाल्या, "नाई पाहात आता."

आणि खरंच नाही पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून हू वेळेवर, ठणठणीत. विमान गेलं तरी मान खाली. मला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. घरी, अंगणात, जिथे कसली भीती नाही तिथेसुद्धा घरघर आली की त्या उठून आत जायच्या आणि उगाच डबे हलवायच्या. जेवण निम्म्यावर आलं. या बाईनं जन्मभर स्वतःसाठी म्हणून केलेली ही एकच गोष्ट, आणि ती आम्ही काढून घेतली होती. मला त्या जिवंत हव्या होत्या, पण अशा नको होत्या. तरी "पाहा" म्हणायची छाती होईना. म्हणावं आणि त्याच दिवशी काही झालं तर?

मग एका पहाटे घरघर आली आणि मंगलीबाई काठी घेऊन तरातरा बोडीकडे निघालेली दिसली. आमच्या झाडाखालून, आमचा मोह चुकवत पाय टाकत. भर हंगामात! मागोमाग रुखमा. मी कुऱ्हाड घेऊन धावले.

"ऊठ," मंगलीबाई सासूबाईंना म्हणाली.

"काऊन?"

"ऊठ म्हणतो ना. चाल बोडीत. तू वर पाय, आमी खाली पायतो. अन् झटकन पाय, तिकडं माहा मोह उघडा पडला हाये."

सासूबाई उठेनात. माझ्याकडे पाहू लागल्या, परवानगी मागावी तशा. सासूनं सुनेकडे असं पाहावं याची मला इतकी लाज वाटली की मी हाताला धरूनच त्यांना नेलं.

मधोमध त्यांना उभं केलं आणि आम्ही तिघी त्यांच्याकडे पाठ करून झाडीकडे तोंडं करून उभ्या राहिलो. घरघर वाढत गेली. तिच्यात दुसरं काहीच ऐकू येईना, आणि मला तीच तर भीती. समोरचं एक झुडूप हललं. वारा नव्हता. कुऱ्हाडीचा दांडा घामानं हातातून निसटत होता.

"झालं का, आत्याबाई?" मी सासूबाईंना मागे न वळता विचारलं.

मी हात पदराला पुसून दांडा पुन्हा धरला.

"आत्याबाई, झालं का?"

"थांब ना वं," त्या म्हणाल्या. "आता कुठी डोक्यावर आलं."

आम्ही थांबलो.