सरांसाठी ई-रीडर बघताना

चार वाचणारे एकत्र जमले की पुस्तकं बाजूला राहतात आणि किस्से साचत जातात. वणीतल्या आमच्या रविवारच्या वाचक मंडळाचं तेच झालंय. हल्ली मात्र किस्सा सांगून हसले की मागोमाग मला भीती वाटते. कारण वानखडे सर. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. सरांचा एक डोळा शुगरने नेला, दुसरा कधी दगा देईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून मंडळाने ठरवलं, अक्षर मोठं करता येईल असा ई-रीडर सरांना घ्यायचा. पण आधी नीट कंपेअर करून!

*

पहिला आणला रमेशने. रमेश कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन, वस्तू मागून आणण्यात पटाईत. टेबलावर ठेवला आणि बॅटरीच संपली, पण स्क्रीनवरचं पान तसंच!

रिटायर्ड नर्स निर्मलाताई वाकून बघत म्हणाल्या, "बाप्पा! हे तं मेलं तरी डोये उघडेच!"

सर खो खो हसले. मला काही हसू आलं नाही.

*

दुसऱ्याला बटनं होती. आमच्याकडे सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं, इतकी कोळशाची धूळ. थोड्याच दिवसांत बटनं करकरायला लागली.

"मंग आपल्या छातीत काय जात असंन?" रमेशचा चेहरा उतरला.

"छातीले बटनं नाहीत, म्हणून आवाज येत नाही," निर्मलाताई म्हणाल्या. त्यानंतर चहा कोणी संपवला नाही.

*

तिसरा टचवाला. सरांचं बोट आताशा थरथरतं, त्यामुळे पानं भराभरा उलटली.

सर दचकून ओरडले, "अबे, नायक मेला कधी? मी तं इथंच होतो ना!"

*

सरांचा शाळेपासूनचा नियम, "तुलना करायची तं उतारा एकच पाहिजे." म्हणून प्रत्येक ई-रीडरवर त्यांच्या आवडत्या कादंबरीचं पहिलं पान, पुराचं. सर ते दर वेळी घडाघडा वाचायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

एकदा रमेशने अक्षर इतकं वाढवलं की स्क्रीनवर जेमतेम एक ओळ उरली.

सर भडकले. "बारीक कर बे! मी का आंधळा हाओ?"



*

मागच्या रविवारी चौथा आला. रमेशने घाईघाईत सरांच्या हातात दिला. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. स्क्रीनवर कादंबरी नव्हतीच! चार्जर कसा जोडायचा, त्याची माहिती होती, चित्रासकट. मी सांगणार, तोच सरांनी वाचायला सुरुवात केली.

नदीला पूर आला. काठावरची माणसं गुरं सोडायला धावली. कोणीतरी पलीकडून हाक मारली. एक शब्द चुकला नाही. पान जिथे संपतं, तिथे सर बरोबर थांबले.

निर्मलाताईंनी माझा हात घट्ट धरला. रमेश चार्जरच्या चित्राकडे बघत राहिला.

"आता दुसरे पाहू नका," सर म्हणाले. "हाच घ्या. याच्यावर सगळ्यात साफ दिसते!"