पिशवी विचारणाऱ्या मॅडम

मोठ्या मॅडमनी कोणाच्या घाईखातर गाठीचं नाव कधी ठेवलं नाही. अकोल्यात जठारपेठेतल्या लॅबमध्ये मी त्यांच्या हाताखाली पॅथॉलॉजी शिकले. रिपोर्टसाठी सर्जनचा फोन आला, की त्या म्हणायच्या, "बारसं उद्या करू. आधी लेकरू तं पाहू द्या." मग चष्मा काढून डोळे चोळायच्या आणि तीच काच पुन्हा मायक्रोस्कोपखाली सरकवायच्या.

थकलेल्या तर त्या कायमच असत. सकाळी खुर्चीत बसतानाच "थकली बाई आता" म्हणायच्या. मला आधी वाटायचं, ही नुसती बोलायची सवय. पुढे माझंही तेच व्हायला लागलं. दुसऱ्याच्या घरची वाईट बातमी रोज आधी आपल्याला कळते, त्याचा तो शीण असतो.

दर्यापूरकडच्या एका तरुणाची किडनी गाठीसकट आमच्याकडे आली. मला ती कॅन्सरची गाठ नेहमीच्याच प्रकारातली वाटली. मॅडमचं मन मात्र भरेना. पेशींमधले लाल ठिपके त्यांना फारच मोठे वाटत होते. त्यांनी एक खास रंग लावायला सांगितला. शेजारचा निरोगी भाग तपकिरी झाला, गाठ कोरीच राहिली. म्हणजे एक जरुरीचं प्रथिन तिच्यात उरलंच नव्हतं. असा दुर्मीळ प्रकार बहुतेक वेळा घराण्यातून येतो. केसपेपरवर तर लिहिलं होतं, घरात कोणालाही काही नाही.

मॅडमनी त्याच्या आईला बोलावून समोर बसवलं.

"तुमची पिशवी आहे का?"

"कवाचीच काहाडली जी. पोरगी लहान होती तवा. गाठी होत्या."

"अन् तुमच्या मायची?"

"तिची बी. मावशीची बी."

"मंग कोणालेच काही नाही, असं काहून सांगितलं?"

बाई गोंधळल्या. "ते काय बिमारी हाये का जी? ते तं सगळ्याच बायायची काहाडते."

आमच्याकडे हे असंच चालतं. गर्भाशय गेलं तरी बाई दुखण्यात धरली जात नाही, आणि डॉक्टरही विचारत नाहीत. मला फार राग आला. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी रक्त जनुकाच्या तपासणीला पाठवलं. बिघाड सापडला; बायकांच्या पिशवीतल्या गाठी आणि पोराच्या किडनीतली गाठ, दोन्हींचं मूळ तोच. पोराच्या धाकट्या बहिणीतही तोच निघाला.

पोरगा वर्षभरही राहिला नाही. आई लॅबमध्ये येऊन रडली, "म्हणजे माह्यातूनच गेलं." मॅडम म्हणाल्या, "तुमच्यातून गेलं, अन् तुमच्यामुळंच समजलं. आता पोरीच्या किडनीचा फोटो दरवर्षी काढायचा. चुकवू नका." पोरगी एवढी धडधाकट, ती येईल की नाही, याची त्यांना सारखी धास्ती असायची.

पोरगी येत राहिली. एका वर्षी किडनीत शेंगदाण्याएवढी गाठ दिसली, वेळेत निघाली. मॅडम तोवर अमरावतीला भावाकडे अंथरुणाला खिळल्या होत्या. मी त्यांना फोनवर सांगितलं. पुढच्याच महिन्यात त्या गेल्या.

त्यानंतर एका दुपारी दाराशी जीप थांबली. त्या तरुणाची आई उतरली. मागोमाग बहिणी, भाच्या, दोन भाचे.

"माहेरची सगळी आणली जी," ती म्हणाली. "मॅडम कोठी हायेत?"

मी सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग एका बहिणीला हाताला धरून माझ्यापुढे बसवलं.

"मंग तुमी इचारा."