विलगीकरणातल्या चार मिरच्या

बत्तीस वर्षं मी धुळ्यात शाळेत भूगोल शिकवला. एवढ्या काळात देशाबाहेर एकदाच गेलो, नेपाळला, तेही बसने. पण गप्पांमध्ये मी "परदेशी होतो तेव्हा" अशी सुरुवात करायचो. नेपाळला पासपोर्ट लागतो का, हे कुणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. या एका बढाईपायी मला ऐन करोनात मस्कतला जावं लागलं.

मित्र माझा कॉलेजपासूनचा. मी राहतो धुळ्यातच, देवपूरला, त्याची केळी आणि कपाशी जामनेर तालुक्यात. त्याची एकुलती एक मुलगी लग्न होऊन मस्कतला गेली आणि तिला पहिल्या खेपेचे दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. पण तिचं विमान दोनदा रद्द झालं, तेवढ्यात सातवा महिना उलटला आणि तिथल्या डॉक्टरांनी आता प्रवास नको म्हणून सांगितलं. जावई दूर वाळवंटात तेलाच्या कामावर. करोनामुळे तिथल्या माणसांना बाहेर सोडत नव्हते आणि बाहेरच्यांना आत घेत नव्हते. सासू लग्नाआधीच वारलेली. म्हणजे पोर फ्लॅटमध्ये एकटी. वहिनींनी, म्हणजे मित्राच्या बायकोनं, जायची तयारी केली, तर त्यांच्याकडे पासपोर्टच नाही आणि नवीन कधी मिळेल याचा भरवसा नाही.

पासपोर्ट होता मित्राकडे. काही वर्षांपूर्वी केळीवाल्यांची अभ्याससहल परदेशी निघणार होती, म्हणून त्यानं काढला. त्याच्या नादानं मीही काढला. सहल निघालीच नाही. दोघांचे पासपोर्ट कपाटात कोरे करकरीत पडून होते.

"मी जातो," मित्र म्हणाला.

"बाळंतपणाला बाप जातो कुठं?" वहिनी.

"मंग कोन जाईन? पोरीले एकटी टाकू?"

त्याचं जाणं ठरलं. पण गडी कधी विमानात बसलेला नाही. तो थेट धुळ्याला माझ्या घरी आला. म्हणाला, "तू परदेशी जाऊन आलेला मानूस. चाल माह्यासंगे."

नेपाळचं खरं सांगायची ती शेवटची संधी होती. मी चहा मागवला आणि "बघू, तारखा जुळवू" असं म्हणालो.

मग आठ दिवस वहिनींनी मित्राची शाळा घेतली. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतिणीचा शेक, सगळं शिकवलं. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचा सराव दुधी भोपळ्यावर झाला. पाय लांब करून, त्यावर भोपळा आडवा घेऊन हा साठीचा बाप्या बसलेला, आणि भोपळा दोनदा निसटला. वहिनींचं माहेर पिंपळनेरकडचं. एरवी त्या आमच्याशी शुद्ध बोलतात, पण राग आला की अहिराणी बाहेर पडते. "असं धरतस का पोरले? भोपळा शे म्हनीसन वाचना!" म्हणजे, भोपळा आहे म्हणून वाचला.

या सगळ्यात माझंही योगदान हवं, म्हणून मी कापूर आणि ओव्याच्या दोन पुरचुंड्या बांधल्या. दर अर्ध्या तासानं हुंगायचं, ऑक्सिजन वाढतो, असं मोबाइलवर आलं होतं. एक माझ्या गळ्यात, एक त्याच्या. मी दोन दिवसांत कंटाळलो. मित्र शेतकरी माणूस. फवारणीचं वेळापत्रक पाळावं तसं त्यानं ते पाळलं.

जळगावात नाकात काडी घालून घेतली, निकाल चांगला आला आणि आम्ही मस्कतला उतरलो. विमानतळावर मनगटाला, खोलीबाहेर पडलो तर पोलिसांना कळवणारा एक पट्टा अडकवला आणि एका हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर नेऊन सोडलं. एकत्र आलेले म्हणून दोघांना एकच खोली. सात दिवस दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. सातव्या दिवशी पुन्हा तपासणी, आठव्या दिवशी सकाळी सुटका. मुलीची तारीख त्यानंतर पाच दिवसांनी होती. हिशेब बरोबर बसत होता.

तिचं घर हॉटेलपासून पंधरा मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी ती शेजारणीला घेऊन टॅक्सीनं आली आणि रस्त्यापलीकडे उभी राहिली. आमची खिडकी उघडत नव्हती. मित्रानं काचेला कपाळ टेकवून हॉटेलचा टॉवेल हलवला. ती पाठीला हात लावून उभी होती. तो नुसता टॉवेल हलवत राहिला. ती गेल्यावर म्हणाला, "पोट खाली उतरलं तिचं. तारखेपर्यंत थांबनार नाही ही."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"चाळीस वर्षं गाई पाह्यल्या मी."

हे मी मुलीला कधी सांगितलेलं नाही.

दिवस जात होते. दारात डबा ठेवून घंटी वाजवून माणूस पळून जायचा. सोबत रोज एक केळ. मित्र ते केळ हातात घेऊन उलटसुलट बघायचा, देठ तपासायचा आणि "नुसतं रंगवलंय" असा निकाल देऊन खाऊन टाकायचा.

सहाव्या दिवशी दुपारी त्यानं जेवताना हात थांबवला. "मले वासच येत नाही रे."

त्या काळात या वाक्याचा अर्थ लहान पोरांनाही ठाऊक होता. माझ्या हातातला घास तसाच राहिला. उद्या तपासणी. उद्या हा सापडला, तर पुढचे चौदा दिवस गेले, आणि पोरगी एकटी. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. मी म्हटलं, घाबरू नको, आधी खात्री करू. साबण दिला. नाही. बाम दिला. नाही. हिंगाची डबी त्याच्या नाकाखाली धरली. त्यानं मान हलवली.

इथं शहाण्या माणसानं खाली फोन करून डॉक्टर बोलावला असता. पण मी परदेशी जाऊन आलेला माणूस. मला आठवलं, की वहिनींनी काळ्या मसाल्याबरोबर वाळलेल्या लाल मिरच्या दिल्यात. खानदेशात मिरची भाजली की शेजारच्या गल्लीतलं मेलेलं माणूसही शिंकतं. ही खरी तपासणी!

खोलीत चूल नव्हती. कपाटात इस्त्री होती. मी ती उलटी करून लाडवांच्या दोन डब्यांमध्ये अडकवली आणि तापवली. छतावर धुराचं यंत्र होतं, ते मी पहिल्या दिवशीच हेरलं होतं. खुर्चीवर चढून त्याला आंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली. इतकी हुशारी मी आयुष्यात दुसऱ्या कशात दाखवलेली नाही. मग तापलेल्या इस्त्रीवर चार मिरच्या ठेवल्या.

"येतो?"

"नाही."

मिरच्या काळवंडल्या. मी वर बाळासाठी आणलेलं थोडं तेल सोडलं.

"आता?"

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला जो ठसका लागला, तो लागलाच. पाठोपाठ मला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मी इस्त्री बंद केली आणि बाथरूममधला पंखा लावला. या पंख्याची हवेची नळी सगळ्या मजल्याला एकच होती, हे भूगोलात शिकवत नाहीत. आधी शेजारच्या खोलीतून खोकला आला. मग समोरच्या. मग पार टोकाला कुणीतरी खोकलं, एक लहान मूल रडायला लागलं, आणि बघता बघता अख्खा चौथा मजला एका सुरात खोकू लागला. विलगीकरणातला मजला. जिथं नुसतं शिंकलं तरी माणसं हादरायची. लिफ्टपाशी बसलेला रखवालदार खुर्ची टाकून जिन्यानं पळाला, हे मी दाराच्या भिंगातून पाहिलं.

दहा मिनिटांत नखशिखांत पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. त्यांच्यातले डॉक्टर हिंदी बोलत होते. इस्त्रीवरच्या काळ्या मिरच्यांकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ये क्या है?"

"मिर्ची है, साहब."

"क्यों है?"

"टेस्ट."

"कौनसा टेस्ट?"

"नाक का."

डॉक्टरांनी छतावरच्या टोपीकडे पाहिलं, मग मित्राकडे. त्याच्या गळ्यातली पुरचुंडी हातात घेतली, मास्क लावलेला असूनही मान मागे घेतली. "ये दिन में कितनी बार सूंघते हो?"

"हर आधे घंटे में," मित्र प्रामाणिकपणे म्हणाला. "ये मास्तर बोला था."

डॉक्टरांनी पुरचुंडी काढून पिशवीत टाकली, त्याचं नाक धुवायला लावलं आणि तासाभरानं परत येऊन एक फाडलेली पुडी त्याच्या नाकाखाली धरली.

"कॉफी," मित्र म्हणाला.

म्हणजे त्याला काहीही झालेलं नव्हतं. इतके दिवस कापूर हुंगून कुणाचंही नाक बधिर होईल. पण नियम तो नियम. मजल्यावर खोकला पसरल्याची नोंद वर गेली होती. आता सगळ्यांची तपासणी नव्यानं, आणि सगळ्यांचा मुक्काम दोन दिवस जास्त. आठव्याऐवजी दहावा दिवस. एकोणीस खोल्यांतली माणसं माझ्यामुळे अडकली. त्यातल्या अठरा खोल्यांना माझं नाव माहीत नव्हतं, एवढंच सुख.

मित्र मला रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं लाडवाचे डबे पुसले, जागेवर ठेवले आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी तीन वेळा "तारखेला अजून वेळ आहे" म्हणालो. तिसऱ्या वेळी म्हणाला, "चूप बस नं भाऊ."

आठव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मुलीचा फोन आला. तिला कळा सुरू झाल्या होत्या. शेजारीण केरळची, ती स्वतः नर्स, तिनंच दवाखान्यात नेलं होतं. ठरलेल्या दिवशी सुटलो असतो, तर त्या वेळी आम्ही तिच्या शेजारी असतो. मित्र दारापर्यंत गेला, मुठीत कडी धरून उभा राहिला आणि परत आला. पट्टा मनगटाला होताच.

"आबा, बोलत राहा ना," ती फोनवर म्हणत होती. "इथं सगळे अरबीत नाहीतर मल्याळीत बोलतात. तुम्ही काहीतरी बोला."

तो कमी बोलणारा माणूस. त्यानं घसा साफ केला. "पाऊस नाही तिकडं," म्हणाला. "खालच्या मळ्यातली बाग कापनीले आली."  तेवढ्यात ती कण्हली. त्यानं फोन माझ्या हातात कोंबला. "तू बोल. तुले बडबड जमते. तुह्यामुळंच आपन इथं हाय, आता तूच बोल."

मी बोललो. काय बोलू सुचेना, म्हणून खरं तेच सांगितलं. मिरच्या, इस्त्री, टोपी, पळालेला रखवालदार, नाक का टेस्ट. ती मधेच हसली, मधेच ओरडली, "काका, नका हसवू, दुखतंय हो!" मी थांबलो की म्हणायची, "थांबू नका." मिरच्या संपल्या, मग मी भोपळा सांगितला. भोपळा संपला, मग मी नेपाळ कबूल केलं. मित्र बाजूला बसून ऐकत होता. नेपाळवर त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं फक्त. दीड तास गेला, मग एका बाईचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

त्यानंतरचे चार तास मला सांगता येत नाहीत, कारण त्यात काहीच घडलं नाही. मित्र पलंगाच्या कडेला बसून होता. दुपारी शेजारणीचा फोन आला. मुलगी झाली, दोघी ठीक.

दहाव्या दिवशी सकाळी पट्टे कापले. आम्ही पोचलो तेव्हा मायलेकी आदल्या संध्याकाळीच घरी आल्या होत्या. शेजारीण रात्रभर थांबून आमची वाट बघून कामावर निघत होती. मुलगी पलंगावर टेकून बसलेली, बाळ मांडीवर, डोळे लाल. दोन रात्री तिनं डोळा मिटला नव्हता. बाळ श्वास घेतंय की नाही बघत बसली होती.

मित्रानं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. मग माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाला, "याचा राग नको करू बेटा. माह्यंच नाक गेलं होतं."  तिनं बाळ त्याच्या हातात दिलं. त्यानं मानेखाली पंजा घालून ते नीट घेतलं, एकदाही निसटू न देता. ती आडवी झाली.

"आबा, आहात ना इथंच?"

"हाये. झोप तू."

दोन मिनिटांत तिचा श्वास संथ झाला. मला काहीतरी बोलावंसं वाटलं, मी तोंडही उघडलं. त्यानं मान वळवून भुवया उंचावल्या आणि हनुवटीनं स्वयंपाकघर दाखवलं. तिथं दोन दिवसांची भांडी पडली होती. मी आवाज न करता ती घासायला घेतली. मुलगी दुपारी चारपर्यंत झोपली.