बारा नळ्या आणि एक मोटार

तिला सगळे नळीबाई म्हणायचे. हे नाव शाळेतल्या मुलांनी ठेवलेलं. प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून ती लागली तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि आता सेहेचाळिसावं सरत आलं होतं. इतकी वर्षं तिचं मुख्य काम एकच, काचेच्या नळ्या धुणं. पहिल्याच आठवड्यात विज्ञानाच्या जुन्या सरांनी तिला सांगितलं होतं, "नळी धुतली म्हणून सांगू नका, दाखवा." तेव्हापासून धुतलेली प्रत्येक नळी ती खिडकीच्या उजेडात धरून बघायची. ती खोड पुढे घरीही आली. पेला असो, बाटली असो, पाहुण्याच्या हातातला कप असो, एकदा उजेडात धरल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सासूबाई म्हणायच्या, "हिला स्वर्गात अमृत दिलं तरी ही आधी खिडकी शोधेल."

घर दुमजली, उताराच्या गल्लीतलं सहावं. खाली नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि मागे न्हाणीघर. वर दोन खोल्या आणि गच्चीवर टाकी. वर जायला अठ्ठावीस पायऱ्या. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हापासून त्या खाली उतरत नसत, म्हणून चार वर्षांपूर्वी नवऱ्याने न्हाणीघरात पाण्याची मोटार बसवली. गल्लीला पाणी एक दिवसाआड, सकाळी साडेपाच ते साडेसहा. नवरा पडला घड्याळजी. बरोबर सहाला दहा कमी असताना तो बटण दाबायचा आणि पाणी थेट गच्चीवर चढायचं.

त्या न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की कधीकधी बोटांना झिणझिण्या यायच्या. "आज नळ चावला गं," असं नवराच हसत सांगायचा. मोटारीच्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळली होती, चप्पल घालून बटण दाबायचं, झालं. नळ्या पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या या बाईनेही तिकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

प्यायचं पाणी मात्र ती उकळायची, कितीही घाई असली तरी. त्यामुळे घरात कधी कुणाचं पोट बिघडलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर याचा तिला थोडा ताठाही होता.

समोर तिरप्या बाजूला सातवं घर इस्त्रीवालीचं. दारातच टेबल, त्यावर जाड घोंगडी आणि दिवसभर वाफ. दोघी एका वयाच्या, पंधरा वर्षांची मैत्री. त्या इस्त्रीवालीच्या सुनेला कावीळ झाली. सातवा महिना चालू होता. आधी नुसता थकवा वाटला, मग जेवण जाईना, मग डोळे पिवळे. डॉक्टरांनी तिला ताबडतोब दाखल करून घेतलं आणि सासूला बाजूला बोलावून सांगितलं, की पोटुशी बाईला ही कावीळ जिवावर बेतू शकते, तिच्याही आणि बाळाच्याही. पाण्यातून आलेली दिसते.

त्याआधीच्या पंधरा दिवसांत आठव्या घरातली दोन माणसंही पिवळी पडली होती.

"दहा-बारा दिवसांनी घरी सोडतील म्हणतात," इस्त्रीवालीने सांगितलं. इस्त्री हातात तशीच होती. "पण नळीबाई, घरी आणून तिला पाजू काय? हेच पाणी? मी उकळीन, पण ती आंघोळ करणार, चूळ भरणार. मी काय चोवीस तास तिच्या तोंडापुढे उभी राहणार आहे?"

"ती यायच्या आत पाणी कुठं बिघडतंय ते मी शोधते," नळीबाई म्हणाली. तोंडातून गेलं आणि मग तिचं तिलाच दडपण आलं. पण शब्द गेला तो गेला.

दुसऱ्या दिवशी शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती पाणी खात्याच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी वही उघडून दाखवली. "हे बघा, उंच टाकीवरचं पाणी रोज तपासतो. औषध बरोबर. दोष तुमच्या घरच्या टाक्यांचा. त्या धुवा आधी."

"टाकीवरचं ठीक आहे साहेब. माणसं टाकीवर राहत नाहीत, गल्लीत राहतात."

"मग गल्लीतलं बिघडलंय हे सिद्ध करा."

साहेबांनी हे टाळायला म्हटलं होतं. तिने मात्र कामच सांगितल्यासारखं ऐकून घेतलं.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे थेंबांची एक बाटली होती. नळीभर पाण्यात चार थेंब टाकायचे. पाण्यात जंतू मारायचं औषध शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं. नसेल तर जसंच्या तसं राहतं, म्हणजे वाटेत कुठेतरी घाण मिसळली आणि औषध तिच्यातच खर्ची पडलं. सरांनी बाटली दिली, बारा नळ्या दिल्या, नळ्या उभ्या ठेवायची लाकडी घोडी दिली. "फुटली तर भरून द्यावी लागेल हं," असं हसून म्हणाले.

"बावीस वर्षांत एकही फोडली नाही सर. आता काय नव्याने शिकायचंय?"

पाणी यायच्या दिवशी ती सव्वापाचला उठली, देवापुढे हात जोडले आणि घोडी घेऊन इस्त्रीवालीच्या नळापाशी जाऊन बसली. पाच-पाच मिनिटांनी एक नळी. मागे पांढरा कागद धरायचा, रंग बघायचा, वेळ लिहायची. पहिली नळी फिकी निघाली. नळात रात्रभर साचलेलं पाणी, ते तसंच असणार. त्या पहिल्या पाण्याची बादली तिने फरशीसाठी बाजूला ठेवायला लावली. दुसरी पिवळी. तिसरी, चौथी, पाचवी पिवळीधमक.

"हे तर पिवळं होतंय," इस्त्रीवाली घाबरून म्हणाली.

"पिवळं म्हणजे चांगलं गं. औषध आहे त्यात."

"मला तर आता हळदीचं बोटसुद्धा बघवत नाही."

सहावी नळी फिकी आली. सातवीत तर रंग आलाच नाही. आठवी, नववी, दहावी, सगळ्या स्वच्छ, अगदी काचेसारख्या. उजेडात धरली असती तर तिनेच त्यांना पास केलं असतं. एवढं सुंदर दिसणारं पाणी, आणि तेच गल्लीला पिवळं करत होतं.

तिने कागद बघितला. पाचवी नळी सहाला दहा कमी. सहावी सहाला पाच कमी. या दोन्हींच्या मध्ये झालं काय? ती विचार करत बसली आणि तेवढ्यात तिच्या कानांना ऐकू आलं. म्हणजे आवाज मघापासून येतच होता, फक्त चार वर्षांच्या सवयीने कान तो ऐकायचे बंद झाले होते. तिरप्या बाजूला, तिच्याच घराच्या न्हाणीघरात मोटार घरघरत होती.

ती उठली. नळ्या न सांडता घोडी उचलली, "नंतर सांगते," एवढंच इस्त्रीवालीला म्हणाली आणि घरी आली.

"अहो, मोटार बंद करा."

"टाकी अर्धी झालीये अजून."

"बंद करा म्हणते ना."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. त्याने बटण बंद केलं. तिने सगळं सांगितलं. मोटार नळातलं पाणी ओढते, त्यामुळे गल्लीतल्या पाइपाचा दाब उतरतो. पाइप गटाराच्या कडेने जातो. कुठेतरी तो फुटलाय, आणि मोटार ओढते तेव्हा बाहेरचं पाणी त्या फटीतून आत येतं.

नवऱ्याने मोटारीकडे बघितलं. मग म्हणाला, "चौथ्या घरात मोटार आहे. दुसऱ्याही घरात आहे. आपली एकट्याची काढून काय होणार?"

"ते मी परवा बघते. तुम्ही परवा आपली लावू नका."

"आणि आईला पाणी?"

"मी नेईन वर."

"अठ्ठावीस पायऱ्या?"

"मोजल्यात मी."

तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा बारा नळ्या भरल्या. या वेळी रंग सव्वासहापर्यंत टिकला. चौथ्या घरची मोटार सुरू झाली तेव्हा कुठे उतरला. म्हणजे तिन्ही मोटारी बंद व्हायला हव्यात आणि फुटलेली जागा सापडायला हवी. आणि तिन्ही बंद व्हायच्या तर कुणीतरी आधी स्वतःची उघडी पाडायला हवी होती.

हंडा वर नेऊन ठेवताना सासूबाईंनी विचारलं, "मोटार बिघडली का?"

तिने खोटं सांगितलं नाही. सासूबाई ऐकत राहिल्या. त्यांच्या खाटेजवळ देवाची लहान तसबीर होती आणि तिच्यापुढे भांडंभर पाणी. रोज सकाळी त्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी ठेवायच्या. ते कधी कुणी उकळत नसे. देवाला कशाला उकळायचं?

"म्हणजे इतके दिवस मी देवापुढे हे ठेवत होते?" त्या म्हणाल्या.

नळीबाईने ते भांडं उचललं.

"काढून टाक ती मोटार," सासूबाई म्हणाल्या. "मला आंघोळीला एक बादली कमी दिलीस तरी चालेल. आणि ते भांडं घास नीट."

मोटार काढायला वायरमन आला. चिकटपट्टी उलगडल्यावर त्याने नुसतं नवऱ्याकडे बघितलं. आत तांब्याच्या तारा उघड्या होत्या आणि एक तर नळालाच टेकलेली. "चप्पल विसरला असता ना कधी, तर घड्याळं दुसऱ्या कुणाला तरी दुरुस्त करावी लागली असती," तो म्हणाला. नवरा त्या संध्याकाळी जेवला नाही धड. नंतर स्वतःच त्याने घरातल्या सगळ्या वायरी तपासून घेतल्या.

त्याच संध्याकाळी नळीबाईने आठही घरांना इस्त्रीच्या टेबलापाशी बोलावलं. हातात कागद होता. मनात तिने देवाला एवढंच म्हटलं, की जीभ अडखळू देऊ नकोस.

"पाणी उंच टाकीवर चांगलं आहे," तिने सांगितलं. "गल्लीत येईपर्यंतही चांगलं आहे. मोटार लावली की बिघडतं. पहिली मोटार माझ्या घरची."

इस्त्रीवाली शर्टाची बाही दाबत होती. तिने इस्त्री उभी केली.

"म्हणजे माझी सून तुझ्या मोटारीनं आजारी पडली?"

"पाइप फुटलाय, तो मी फोडला नाही. पण घाण आत ओढली ती आमच्या मोटारीनं. हो."

आणखी एक वाक्य जोडायची तिला फार इच्छा झाली, की आम्हाला माहीत नव्हतं. तिने ते गिळलं. इस्त्रीवाली आत गेली. इस्त्री चालूच होती. नळीबाईने पुढे होऊन तिची पिन काढली.

"तुमचं ठीक आहे हो," चौथ्या घरचे दाढीवाले म्हणाले. "आमच्याकडे खाणारी-पिणारी आठ माणसं."

"म्हणूनच सांगते. आठ माणसं पिणार ना ते? माझी मोटार आज काढली. न्हाणीघरात भोक उरलंय, येऊन बघा."

दाढीवाले खरोखर बघायला आले. सोबत त्यांची बायको आली, आणि वायरमनने काढलेल्या उघड्या तारा तिने जास्त निरखून बघितल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचीही मोटार निघाली. दुसऱ्या घराने आणखी दोन दिवस घेतले.

राहिले साहेब. ती कचेरीत तीनदा गेली. तिसऱ्यांदा कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "उद्या साडेपाचला गल्लीत या. सिद्ध करा म्हणालात, केलंय. चहा मी देते, उकळलेल्या पाण्याचा." साहेब आले, केस विस्कटलेले, सोबत दोन माणसं. पाणी सुरू असताना पाचव्या आणि सहाव्या घराच्या मध्ये गटारात बारीक बुडबुडे येताना सगळ्यांनी बघितले. खणल्यावर पाइपाचा जोड सापडला. बोट जाईल एवढी फट, तिच्यावर कधीकाळी कुणी बांधलेली काळी चिंधी. तीन दिवसांत पाइप गटाराजवळून उचलून भिंतीवरून नेला.

या सगळ्या दिवसांत इस्त्रीवाली तिच्याशी बोलली नाही. कपड्यांचा गठ्ठा जसा गेला तसाच, न उघडता, पायरीवर परत आला. नळीबाईने तो उचलून आत ठेवला. सुरकुतलेली साडी नेसून ती शाळेत गेली. रोज अठ्ठावीस पायऱ्या हंडे चढवून खांदे भरून यायचे. सासूबाई तिला म्हणाल्या, "जाऊन हातापाया पड तिच्या."

"पडून काय होणार आई? सून यायच्या आत पाणी दाखवायचंय. दाखवल्याशिवाय मी बोलणार काय?"

सून घरी यायच्या आदल्या दिवशी पाणी होतं. नळीबाई घोडी घेऊन इस्त्रीवालीच्या दारात उभी राहिली. दार उघडलं. ये म्हणालं नाही कुणी, जा पण म्हणालं नाही. ती नळापाशी बसली. पांढरा कागद आणायची विसरली होती. शोधाशोध करतेय तोवर मागून इस्त्रीवालीने एक पांढरा अभ्रा, कडक इस्त्री केलेला, तिच्यापुढे धरला आणि तासभर तसाच धरून उभी राहिली.

पहिली नळी फिकी. बाकीच्या अकराही पिवळ्या. सहाला दहा कमी, सहा, सव्वासहा, कुठेच रंग उतरला नाही.

"पिवळं म्हणजे बरं ना?" इस्त्रीवालीने विचारलं. इतक्या दिवसांतला तिचा पहिला शब्द.

"नळीत बरं. डोळ्यांत नको."

"तरी मी उकळणारच आहे."

"उकळच. आणि पहिली बादली कायम फरशीला."

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा गल्लीत आली. सून हळूहळू उतरली, एक हात पोटावर. डोळ्यांत पिवळेपणा अजून होता, पण कडेकडेला सरकलेला. ती इस्त्रीच्या टेबलाशेजारी खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "आई, पाणी द्या ना."

इस्त्रीवाली आतून पेला घेऊन आली. सुनेला न देता तो तिने समोरच्या पायरीवर उभ्या असलेल्या नळीबाईपुढे केला. नळीबाईचा हात सवयीने उजेडाकडे उचलला गेला, अर्ध्यावर थांबला.

"किती वेळ उकळलंस?" तिने विचारलं.

"खळाखळा उकळी फुटली, वर पाच मिनिटं. झाकून निववलंय. भांडं आधी घासलंय."

नळीबाईने पेला सुनेच्या हातात दिला. सुनेने तो एका दमात संपवला आणि म्हणाली, "अजून."