आईचं हवल्लीतलं हळदीकुंकू

"तुम्ही बैरूतहून कुवेतला शिफ्ट झालात, नाही का?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. शिफ्ट होणारी माणसं ट्रक बोलावतात. आई आणि मी टॅक्सीत दाटीवाटीनं बसून दमास्कसपर्यंत आलो आणि तिथून विमानानं कुवेतच्या हवल्ली भागात मामाकडे. माझ्या मांडीवर शाळेचं दप्तर होतं, कारण सोमवारी परत शाळा असणार अशी माझी खात्री होती. मी नऊ वर्षांची होते. तिकडे यादवी पेटली होती, एका गल्लीतली माणसं दुसऱ्या गल्लीवर गोळ्या झाडत होती. बाबा हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. जखमी रोज येत होते, त्यामुळे त्यांना निघता येईना. "पंधरा दिवसांत येतो," एवढं म्हणून त्यांनी टॅक्सीचं दार लावलं.

पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. फोन लागेना, पत्राला उत्तर येईना. मामा शुवैख बंदरात नोकरीला होता. तिकडून आलेला कुणी भेटला की तो बाबांची चौकशी करायचा, आणि घरी आला की आमच्याकडे न बघता बूट काढत बसायचा.

मग संक्रांत आली. कुवेतमधल्या मराठी बायकांची हळदीकुंकवं शुक्रवारी असत, कारण नवऱ्यांना सुटी आणि गाडी मोकळी त्याच दिवशी. पहिलं होतं एका डॉक्टरांच्या बायकोकडे. आई आणि मी मामीबरोबर गेलो. डॉक्टरीणबाई करंडा घेऊन ओळीनं येत होत्या. मामीला लावून आईपाशी आल्या आणि त्यांचं बोट करंड्यातच राहिलं.

"तिकडून काही कळलं का हो?"

"अजून नाही," आई म्हणाली.

"मग आत्ता राहू दे. नक्की कळू दे, मग लावू. उगाच आपल्या हातून काही वावगं नको व्हायला."

आणि आईच्या हातावर दोन तिळाचे लाडू ठेवून त्या पुढे सरकल्या. दोन! बाकी सगळ्यांना एकेक दिला होता. बाई मनानं वाईट नव्हत्या, हे मला कळतं. पण त्या दुसऱ्या लाडवाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आम्ही घरी आलो. दार लागताच आई म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी आपल्याकडे हळदीकुंकू."

मामी गडबडली. "वन्सं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. माझा नवरा गेलेला नाही, कामावर आहे."

मला हे इतकं आवडलं की आमंत्रणं करायला मीच निघाले. मामी बरोबर होती, पण डॉक्टरीणबाईंच्या दारात ती हळूच माझ्या मागे सरकली. मी ठणकावून सांगितलं, "आईनं हळदीकुंकवाला बोलावलंय. माझे बाबा कामावर आहेत." कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

शुक्रवारी आईनं सतरंजी अंथरली. गजरे कुठून मिळणार, पण गुलाबपाण्याला त्या गावात तोटा नव्हता. वाण म्हणून बाजारातून चहाचे छोटे काचेचे पेले आणले होते. सांगितलेली वेळ टळून गेली. मामी सारखी खिडकीत जाऊन बघत होती. मला रडू येत होतं, पण आपण रडलो तर त्या बायकांचंच खरं होईल, म्हणून मी लाडू चावत बसले.

बेल वाजली, पण आल्या त्या वरच्या मजल्यावरच्या अरब बाई, साखर मागायला. त्याही बैरूतच्या, आमच्यासारख्याच पळून आलेल्या, आणि नवरा तिकडेच अडकलेला. हे काय चाललंय, त्यांनी विचारलं. आईनं आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, "ज्यांचे नवरे आहेत, त्या एकमेकींना हे लावतात."

"माझा आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कपाळ पुढे केलं.

आईनं त्यांना हळदीकुंकू लावलं आणि करंडा त्यांच्यापुढे धरला. त्यांना रीतभात काय ठाऊक? चांगलं चिमूटभर कुंकू घेऊन त्यांनी आईच्या अख्ख्या कपाळाला फासलं. दोघी हसत सुटल्या, आणि हसता हसता आई रडायला लागली. बैरूत सोडल्यापासून ती रडलीच नव्हती.

नेमक्या तेव्हा डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे आणखी चौघीजणी होत्या, बहुतेक बाई जातात का नाही हे बघत थांबलेल्या. आईनं डोळे पुसले. त्यांना बसवलं, हळदीकुंकू लावलं, वाण दिलं. मग करंडा डॉक्टरीणबाईंसमोर धरून ती तशीच उभी राहिली.

"लावा," आई म्हणाली. "आजही नको वाटत असेल तर तसं तोंडावर सांगा."

डॉक्टरीणबाईंनी लावलं.

बाबा आले नाहीत. त्यांचं काय झालं हे आम्हाला कधीच कळलं नाही. आईला तिथल्याच एका दवाखान्यात नोकरी लागली, मी शाळा-कॉलेज संपवलं, आणि आम्ही मामाकडेच राहिलो. बारा वर्षं झाली तेव्हा मामानं भीतभीत विषय काढला. इतकी वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर दर्भाचा पुतळा करून दहन करतात, भटजींशी बोललोय, सगळेच मोकळे होतील, असं काहीबाही तो सांगत होता. आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मला मोकळं व्हायचं नाहीये."

तो पुन्हा काही बोलणार होता. मी उठून आईच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"मामा," मी म्हटलं, "पुन्हा हा विषय काढलास तर आम्ही दोघी निघू. घर सोडायला आम्हाला किती वेळ लागतो, तुला ठाऊक आहे."