सीपीयूतला खण

मालवणच्या बाजारात त्याचं आणि माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान समोरासमोर. सीडी ड्राइव्ह काढल्यावर सीपीयूत जी जागा रिकामी राहते, तिला मी वर्षानुवर्षं प्लास्टिकचं झाकण लावत आलो. तो तिथे फणसाच्या फळीचा खण बसवतो. त्याआधी स्क्रू दातांत धरून गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतो, "तुजा नेहमी काय हरवता?" देवबागच्या होमस्टेवालीच्या खणात खोल्यांच्या चाव्या गेल्या, चर्चच्या शाळेतल्या बाईंच्या खणात चष्मा.

"सुतार झालो मेलो," मी घरी त्याच्याबद्दल म्हणायचो. गिऱ्हाइकं मात्र माझ्या दारावरून सीपीयू उचलून त्याच्याकडे जात.

मे महिन्यात मी दोन दिवस विजयदुर्गला गेलो. परतलो, तर घरच्या सीपीयूलाही खण, आणि खणात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या.

बायको म्हणाली, "तेना इचारल्यान, घोव काय इसारता तुजो? मिया सांगलंय, गोळी."

तेव्हापासून एकही गोळी चुकलेली नाही. पावसाळ्यात फळी फुगेल, खण अडकेल, म्हणून मी रोज सकाळी तो आशेने ओढत होतो. पावसाळा सरला. खण अजून लोण्यासारखा सरकतो.